विशेष शाळेनं तोंडी नकार दिला, आता काय करू?

प्रश्न: मुलगी ८ वर्षांची, बौद्धिक दिव्यांगत्वाचं ६५ टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे. शाळेत गेलो तर बाई म्हणाल्या तिला एकटीला बाथरूमला जाता येत नाही, घेता येणार नाही. फॉर्मसुद्धा दिला नाही, ती बिचारी बाकावरून उठायलाच तयार नव्हती.

उत्तर: ताई, वाचून फार वाईट वाटलं. पण तोंडी नकारावर गप्प बसू नका. उद्याच साध्या कागदावर प्रवेशाचा अर्ज लिहा, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स, आणि आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का न घेता तिथून हलायचंच नाही, शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने रजिस्ट्रेशनसह पाठवा, पावती जपून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ अर्जात लिहाच, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. तरी नाही म्हणाले तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, त्यांना शाळेला बोलावून घ्यायचे, कागद मागवायचे अधिकार आहेत. आणि बाथरूमचं म्हणाल तर तीच सवय लावायला तर अशा शाळा असतात ना!