वाचकांचे प्रश्न: करार झाला, नमुने पोहोचले, आकडे मात्र जुळेनात

प्रश्न: विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विद्याशाखेच्या वार्तापत्रात दर अंकात कुठल्या ना कुठल्या संस्थेशी सामंजस्य करार झाल्याची बातमी असते, सोबत फोटो. त्यातून नेमकं काय सुरू होतं?

फोटोतून काहीच नाही. सामंजस्य करार म्हणजे ‘आम्हाला मिळून काम करायचं आहे’ एवढं लेखी म्हणणं. बहुतेकदा तो कायद्याने बांधून ठेवत नाही आणि त्यात पैशाचा आकडाही नसतो. काम सुरू होतं ते पुढच्या कागदांनी: आवृत्ती क्रमांक आणि तारीख घातलेला प्रोटोकॉल (काम कसं करायचं याचा लेखी आराखडा), संबंधित नीतिसमित्यांची मंजुरी, नमुने देण्याघेण्याचा करार आणि माहिती वापरण्याचा करार.

यातला नमुन्यांचा करार सगळ्यात जास्त रखडतो, आणि रखडतो तो ठरावीक मुद्द्यांवर. तपासणीनंतर उरलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) कोणाचं? ते दुसऱ्या अभ्यासाला वापरायचं तर कोणाला विचारायचं? नष्ट कधी करायचं? निबंध छापण्याआधी मसुदा वाचायला दुसऱ्या बाजूला किती दिवस द्यायचे? ही उत्तरं पहिल्या बैठकीतच लिहून घ्यावीत. शिवाय सहभागींच्या संमतीपत्रात ‘नमुना दुसऱ्या संस्थेकडे जाईल’ हे वाक्य नसेल, तर करारावर कितीही सह्या असोत, नमुना हलवता येत नाही. पुन्हा नीतिसमितीकडे जावं लागतं आणि बहुधा सहभागींची संमतीही नव्याने घ्यावी लागते.

बातमी वाचताना प्रमुख संशोधक कोण, निधी कोणाचा, सहभागी किती आणि उपचाराची चाचणी (क्लिनिकल ट्रायल) असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय, एवढं शोधा. नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी झालेली हवी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून ही अट घातली आहे.

प्रश्न: आमच्या केंद्रावरचे रक्तनमुने सहयोगी प्रयोगशाळेत जातात. तिथून पोटॅशियम सतत जास्त येतं, त्याच रुग्णांचं आमच्याकडचं ठीक असतं. कोणाचं यंत्र चुकतंय?

बहुधा कोणाचंच नाही. चूक नळी भरल्यापासून ती यंत्रात जाईपर्यंतच्या वाटेवर असते. पोटॅशियमवर ती लगेच दिसते, कारण तांबड्या पेशींच्या आत ते बाहेरच्यापेक्षा वीसेक पटीने जास्त असतं. जरा गळती झाली की आकडा चढला.

पहिला संशय बर्फावर घ्या. ‘नमुना थंड ठेवला की सुरक्षित’ हा समज इथे उलटतो. पेशीतलं पोटॅशियम आत राखणारा पंप थंडीत मंदावतो आणि पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणजे सीरम लालसर दिसत नाही आणि कोणाला शंकाही येत नाही. अख्खं रक्त फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी सेंट्रीफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवून पेशी तळाला बसवणाऱ्या यंत्रात) फिरवलं जात असेल, तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

दुसरा संशय नळ्यांच्या क्रमावर. जांभळ्या बुचाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. ती आधी भरून मग सीरमची नळी भरली, किंवा जांभळ्या नळीतलं रक्त दुसरीत ओतलं (हो, रक्त कमी पडलं की असं करणारे असतात), तर पोटॅशियम वाढतं आणि त्याच वेळी कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातलं एक एन्झाइम) घसरतात. हे त्रिकूट दिसलं की दुसरं कारण शोधत बसू नका. क्रम असा: कल्चरची बाटली, सायट्रेट, सीरम, हेपॅरिन, ईडीटीए, शेवटी फ्लोराइड. रुग्णाला मूठ उघडझाप करायला लावणं आणि दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवणं, यानेही आकडा वर जातो.

तिसरी गोष्ट सेंट्रीफ्यूज, आणि इथे दोन केंद्रांचा प्रोटोकॉल अक्षरशः सारखा असूनही काम वेगळं होतं. प्रोटोकॉलमध्ये ‘३००० फेरे, १० मिनिटं’ लिहिलेलं असतं. रोटरची (नळ्या धरून फिरणाऱ्या भागाची) त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३००० फेऱ्यांना साधारण १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट) इतकं बल मिळतं. १६ सेंटिमीटर असेल तर १६०० जी. जास्त बल मिळतं तिथे पेशी नीट बसतात, कमी मिळतं तिथे सीरममध्ये तरंगत राहतात आणि गोठवल्यावर फुटतात. म्हणून फेरे लिहू नका, जी लिहा. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग.

दोन्ही केंद्रांनी पाळायचा साधा क्रम: सीरमची नळी ५ वेळा हळूच उलटसुलट करा, हलवून घुसळू नका. खोलीच्या तापमानाला उभी ठेवून ३० मिनिटं गोठू द्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जास्त वेळ लागतो. १५०० जीला १० मिनिटं फिरवा. रक्त काढल्यापासून २ तासांच्या आत सीरम वेगळं करा आणि ०.५ मिलिलिटरचे भाग करून उणे ८० अंशाला ठेवा. लहान भाग यासाठी की एकच कुपी तीनदा वितळवून तीनदा गोठवावी लागू नये. जेलची नळी (जिच्यात जेलचा थर पेशी आणि सीरम वेगळे ठेवतो) दुसऱ्यांदा फिरवू नका. जेलखाली अडकलेलं पोटॅशियम वर येतं.

पाठवताना तीन थर: गळकी नसलेली कुपी, शोषक कागदासह दुसरा बंद डबा, त्याबाहेर कडक खोका. कोरडा बर्फ दुसऱ्या डब्याच्या बाहेर टाका आणि थर्माकोलच्या खोक्याचं झाकण चिकटपट्टीने हवाबंद करू नका. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशाला थेट वायू होतो. वाट मिळाली नाही तर खोका फुटतो. दिवसाला २ ते ५ किलो उडून जातो असं धरा आणि एका दिवसाचा जादा भरा. शुक्रवारी पार्सल पाठवू नका.

एवढं करूनही शंका उरली तर किमान ४० नमुने दोन भाग करून दोन्हीकडे तपासा. मात्र सहसंबंध (दोन्हीकडचे आकडे किती एकसाथ वरखाली होतात याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९९ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एक यंत्र दर वेळी ०.४ जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध तेवढाच येईल. प्रत्येक जोडीतला फरक काढा आणि तो सरासरीसमोर मांडून पाहा.

प्रश्न: तीन केंद्रांच्या एक्सेल फाइली एकत्र केल्या आणि सगळा गोंधळ झाला. आता काय करायचं?

आधी मूळ फाइली जशाच्या तशा बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा. मग प्रत्येक रकान्याचा किमान व कमाल आकडा केंद्रनिहाय काढा. एका केंद्राची रक्तशर्करा ७० ते ३०० आणि दुसऱ्याची ४ ते १६ असेल तर एकक वेगळं आहे: मिलिमोल प्रतिलिटरला १८ ने गुणलं की मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर मिळतं. क्रिएटिनिनला हाच आकडा ८८.४ आहे, पण तिथे दिशा उलटी: मिलिग्रॅमला गुणलं की मायक्रोमोल. हिमोग्लोबिन १३ की १३०, हेही बघा.

तारखा जास्त फसव्या. ०४/०७ हे ४ जुलै की ७ एप्रिल, हे फाइलीवरून कळत नाही. त्या केंद्रालाच विचारा. पुढे वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. न मिळालेल्या माहितीसाठी कुणी ० घालतं, कुणी ९९९, कुणी कोरं सोडतं. ९९९ वयाचा माणूस सहज सापडतो. ० मात्र सरासरीत मुरतो आणि सापडत नाही. आणि एक्सेलवर फार विश्वास नको: सेप्ट२ या जनुकाचं नाव ते सप्टेंबरची तारीख करून टाकायचं. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांचीच नावं बदलली.

पुढच्या वेळी पहिला रुग्ण घेण्याआधी रकान्यांचा कोश बनवा: नाव, एकक, किती दशांश, मान्य मर्यादा, न मिळाल्यास कोणता संकेत. नावं आणि फोन नंबर फाइलीत ठेवू नका. फाइलीत संकेतांक ठेवा आणि त्याची किल्ली वेगळ्या जागी कुलपात.

प्रश्न: ‘नव्या उपचाराने धोका निम्म्यावर’ अशी बातमी होती. घ्यायचा का उपचार?

निम्म्यावर म्हणजे कशाच्या? १०० पैकी ४० वरून २० वर आला असेल तर ५ जणांना उपचार दिल्यावर एकाचा फायदा होतो. १००० पैकी २ वरून १ वर आला असेल तर १००० जणांना द्यावा लागतो. बातमीत हे आकडे नसतील तर मूळ निबंधाचा सारांश उघडा. घ्यायचा की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुष्परिणामांचा हिशेबही त्याच एककात मागा, हजारात किती.

प्रश्न: नमुने आम्ही गोळा केले, निबंधात नाव नाही. लेखक होण्याचा हक्क आहे का?

नुसते नमुने गोळा करण्याने नाही. संपादकांच्या त्याच समितीच्या चार अटी आहेत आणि चारही लागतात: आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा मजकूर बारकाईने सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि पूर्ण कामाची जबाबदारी. तुम्ही पहिली अट पूर्ण केली असेल, तर मसुदा वाचायची संधी तुम्हाला द्यायला हवी होती. ती न देता ‘दुसरी अट पूर्ण नाही’ असं म्हणणं या नियमातच बसत नाही. विभागप्रमुखांचं नाव केवळ पदामुळे घालणंही तितकंच चूक. निबंध अजून छापला नसेल तर प्रमुख संशोधकांना कोणतं काम कधी केलं ते तारखांसह लिहून पाठवा आणि मसुदा मागा. छापला असेल तर आधी त्यांना, मग संस्थेला लिहा; नियतकालिकाचा संपादक असा वाद सोडवत नाही, तो संस्थेकडेच परत पाठवतो.