तंत्र-शंका : ‘ॲपमध्ये उघडा’चा तगादा

प्रश्न : फोनवर खरेदीची एक साइट उघडली की ग्राहकांचे अभिप्राय चार ओळींवर कापले जातात आणि ‘पुढचं ॲपमध्ये वाचा’ असं बटण येतं. लॅपटॉपवर तेच पान पूर्ण दिसतं. फोन जुना असल्यामुळे असं होतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फोन बिचारा निर्दोष आहे. पान मागवताना ब्राउझर आपली ओळख सांगतो. तीत ‘अँड्रॉइड’, ‘मोबाइल’ हे शब्द दिसले की अशा साइट मुद्दाम तोकडं पान पाठवतात. ॲपमध्ये ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारं साधन) चालत नाही आणि नोटिफिकेशनचा मारा करता येतो, हे त्यामागचं गणित.

तेव्हा ओळख बदला. क्रोममध्ये तीन ठिपके दाबून ‘डेस्कटॉप साइट’वर खूण करा. अक्षरं मुंगीएवढी होतील, कारण लॅपटॉपच्या रुंदीचं पान तेवढ्याशा पडद्यावर मावतं. फोन आडवा धरा, दोन बोटांनी मोठं करा.

खूण करूनही फरक पडला नाही, तर वरच्या पत्त्यावर टिचकी मारून तो पूर्ण पाहा. सुरुवातीला इंग्रजी ‘एम’ आणि टिंब असेल, तर ती लिंकच मोबाइल पानाची आहे. तेवढं खोडून पुन्हा उघडा. काही साइट पडद्याची रुंदीच मोजतात, तिथे ही युक्ती फसते.

बटण पानभर पसरत असेल, तर अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) टाकून ते झाकण काढता येतं. मात्र सर्व्हरने पाठवलाच नाही तो मजकूर झाकणाखाली सापडणार नाही!

प्रश्न : ॲप ठेवायचं आहे, पण लिंक ब्राउझरमध्येच उघडायला हव्यात.

उत्तर : अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप, मग ‘डीफॉल्टनुसार उघडा’. तिथलं लिंक उघडण्याचं बटण बंद करा.

प्रश्न : या तगाद्याविरुद्ध तक्रार चालते का?

उत्तर : चालते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा भाग पाडणाऱ्या रचनांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत ‘पुन्हा पुन्हा ॲप डाउनलोड करायला सांगणारी वेबसाइट’ हे ससेमिऱ्याचं उदाहरण म्हणून चक्क छापलंय. तारीख-वेळ दिसेल असे दोन-तीन स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा. कंपन्या माघार घेतातही : कपडे विकणाऱ्या मिंत्राने मे २०१५मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं, जून २०१६मध्ये डेस्कटॉप साइट परत आणावी लागली.