दिन की दिवस, साजरा की पाळला?

प्राथमिक शाळेतल्या एका बाईंचा प्रश्न आहे. १५ ऑक्टोबरला त्यांच्या शाळेत जागतिक हात धुवा दिन आणि वाचन प्रेरणा दिन एकाच परिपाठात उरकायचे असतात. फलकावर त्यांनी 'हात धुवा दिवस' लिहिलं, तर सहकारी गुरुजींनी 'दिन' करायला लावलं. मग पुढचं 'साजरा'ही त्यांना खटकू लागलं.

बाई, दिन आणि दिवस दोन्ही संस्कृतातूनच आलेले, पण मराठीने त्यांना कामं वाटून दिली आहेत. दिवस घरातला. बाईला दिवस जातात, ते भरतात, माणूस गेला की त्याचे दिवस घालतात. दिन फलकावरचा: प्रजासत्ताक दिन, शिक्षक दिन, बालदिन. हिंदीत इथे सर्रास 'दिवस' येतो. आपल्याकडे कुणी 'बाल दिवस' म्हणालं तर ते तिकडून आलेलं. वाढदिवस तेवढा घरचा, म्हणून तो दिवसच राहिला.

तेव्हा गुरुजी बरोबर. फक्त 'दि' ऱ्हस्व काढा. गरीब, वकील लिहून सवयीने हात दीर्घाकडे जातो, पण दिन तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, त्याला शेवटून दुसरं अक्षर दीर्घ करायचा तो नियम नाही. आणि 'वाचन प्रेरणा दीन' म्हणजे प्रेरणेची अवस्थाच केविलवाणी! (काही शाळांत तशी असते, तो भाग वेगळा.)

'हात धुवा' हा आज्ञार्थ नामाआधी चालतो का, अशी शंका कुणी काढलीच तर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' मोहिमेकडे बोट दाखवा. 'हस्तप्रक्षालन दिन' मात्र करू नका. पहिलीतलं पोर नळाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

आता 'साजरा'. हे मुळात विशेषण, अर्थ शोभिवंत: दुरून डोंगर साजरे. साजरा करायचा म्हणजे तोरण बांधायचं, गोडधोड करायचं. पाळायचं ते पथ्य, व्रत, सुतक. हा फरक बेळगावात १ नोव्हेंबरला स्वच्छ दिसतो. १९५६ साली त्या दिवशी भाषावार राज्यरचना अमलात आली. कर्नाटक राज्योत्सव साजरा करतं, सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळतात. तारीख एक, गाव एक, क्रियापदं दोन. तिथे 'काळा दिन साजरा केला' असं छापणाऱ्या बातमीदाराचे कान धरावेत.

तुमच्या तारखेला तर चांगलीच गर्दी आहे. १५ ऑक्टोबर १९३१ हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणून महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन. हात धुण्याचा दिन २००८ पासूनचा. जागतिक ग्रामीण महिला दिन आणि पांढरी काठी दिनही त्याच तारखेला. कलामांच्या वाढदिवसाला साजरा शोभतं. हात धुणं हे पथ्यच, तिथे 'पाळणे' अर्थाने चपखल. पण सुतकाची सावली पडते हेही खरं. मी क्रियापदच गाळेन. 'दिनाचे औचित्य साधून' हेही नको, 'निमित्त' पुरे: 'जागतिक हात धुवा दिनानिमित्त प्रात्यक्षिक, सकाळी ११ वाजता, नळाजवळ. त्यानंतर वाचन प्रेरणा दिनानिमित्त वर्गात पुस्तकवाचन.' क्रम हाच ठेवा. गेल्या वर्षीचे बोटांचे ठसे पुस्तकांवर अजून असतील.