सण तोंडावर आलेत, हॉल कधी आवरायचा?

सुट्ट्या जवळ आल्या की या पानावर घराबद्दलचे प्रश्न भराभर यायला लागतात आणि जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य असतंच, "वेळ अजिबात नाहीये". म्हणून यावेळी थोड्या वेळात होणाऱ्या कामांचेच प्रश्न घेतलेत.

ताई, पाहुणे आठ दिवसांवर आलेत. आम्ही दोघंही नोकरी करतो, हातात फक्त शनिवार-रविवार आहे आणि हॉल तर बघवत नाही. नवीन पडदे, कुशन कव्हर आत्ताच ऑनलाइन मागवून ठेवू का?

नका मागवू, निदान रविवार संध्याकाळपर्यंत तरी थांबा. हॉल बघवत नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा काही कमी नसतं, जास्तच झालेलं असतं, त्यात अजून चार वस्तू आल्या तर पसारा नव्या कव्हरात दिसेल एवढंच. शनिवारी सकाळी एक मोठा खोका घ्या आणि टीपॉय, टीव्हीचं युनिट, खिडकीचा कट्टा, खुर्चीची पाठ, जिथे म्हणून सपाट जागा आहे तिथलं सगळं त्यात घाला, चार्जर, औषधांच्या स्ट्रिप्स, जुनी मासिकं, मुलांच्या वह्या, सगळं. काय ठेवायचं काय टाकायचं हे तेव्हा ठरवत बसू नका प्लीज, कारण एकदा का जुने फोटो हातात आले की दुपार तिथेच संपते. खोका आतल्या खोलीत. निवडानिवड सुट्टी संपल्यावर.

मग साफसफाई, आणि ती वरून खालीच करायची. आधी छताच्या कोपऱ्यातली जळमटं, मग पंखा, मग कपाटाचा माथा, फरशी सगळ्यात शेवटी, नाहीतर पुसलेल्या फरशीवर पंख्याची धूळ पडते आणि तेच काम दोनदा करावं लागतं. पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा मोज्यासारखा चढवायचा आणि दाबून ओढून घ्यायचा, धूळ अभ्र्यातच राहते, सोफ्यावर उडत नाही (पंखा बंद आणि स्टूल पक्कं, हे सांगायला नको पण सांगतेच). शनिवारीच पडदे काढून धुवायला टाका, आणि सुती किंवा पॉलिएस्टरचे असतील तर थोडे दमट असतानाच परत दांडीवर चढवा, स्वतःच्या वजनाने ताणले जातात आणि बऱ्याच सुरकुत्या इस्त्रीशिवाय निघतात. फक्त खाली लेबल बघा, काही कापडं नुसती ड्रायक्लीनची असतात.

आणि एक जागा, जी आपल्याला रोज बघून बघून दिसेनाशी होते, ती म्हणजे स्विचबोर्ड आणि त्याच्या भोवतीची हातभर भिंत. बोटांचे काळपट डाग, बटणांच्या फटीत बसलेली धूळ, दाराच्या मुठीभोवतीचा चिकटपणा. घरात शिरणाऱ्याचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. मेन स्विच बंद करून, साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा, लगेच कोरड्याने पुसा, स्प्रे थेट बोर्डावर कधीच मारू नका. अर्ध्या तासाचं काम आहे पण खोलीचं वय कमी होतं.

हे सगळं झालं की पाहुणे जिथे बसणार तिथे स्वतः बसून बघा. समोर काय दिसतं? पाय कशाला अडतो? सोफा आणि टीपॉयमध्ये ४०-४५ सेंटीमीटर अंतर असलं की गुडघा आपटत नाही आणि कपही हाताला येतो, येण्याजाण्याच्या वाटेला ७५ ते ९० सेंटीमीटर मोकळे हवेत. एखादी खुर्ची आतल्या खोलीत नेली तर हॉल लगेच मोठा वाटतो. एवढं करून कुशन कव्हर हवीच वाटली तर खुशाल घ्या, तोवर कुठला रंग हवाय तेही कळलेलं असेल.

टीव्हीमागची भिंत दोन दिवसांत रंगवून टाकायचा विचार आहे. खाली कोपऱ्यात थोडे पोपडे आलेत आणि पांढरी पावडर निघते, ती खरवडून वर पुट्टी मारली तर चालेल ना?

नाही चालणार. ती पांढरी पावडर म्हणजे भिंतीतले क्षार आहेत, आतून पाणी येतं, ते क्षार सोबत घेऊन पृष्ठभागावर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे भिंतीत ओल अजून आहे. त्यावर पुट्टी आणि रंग चढवला तर तो आतून सुटणार, पैसे आणि सुट्टी दोन्ही वाया. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मागे बाथरूम आहे का, आतून पाइप गेलाय का, बाहेरून भेग आहे का, आणि ते सुट्टीनंतर प्लंबर किंवा गवंड्याकडून नीट करून घ्या. तोवर कोरड्या ब्रशने पावडर झाडा, टीव्हीचं युनिट भिंतीपासून थोडं पुढे ओढा म्हणजे मागून हवा खेळेल. कोपरा झाकायला तिथे गच्च कपाट मात्र लावू नका, ओल वाढते.

रंगवायचंच असेल तर दुसरी, पूर्ण कोरडी भिंत निवडा. पाण्यात मिसळणारा इमल्शन घ्या, साधारण एका लिटरमध्ये एका हाताला १० चौरस मीटर होतात, भिंत खडबडीत असेल तर कमी. दोन हातांमध्ये बहुतेक रंगांना २ ते ४ तास लागतात, तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते पाळा. हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नसतं, पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे जातात, त्यामुळे लगेच सोफा टेकवू नका की ओल्या फडक्याने घासू नका. आणि घर खूप जुनं असेल तर आधीचा रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांसाठी फार वाईट.

सगळं आवरलं तरी संध्याकाळी आमचा हॉल ऑफिससारखा वाटतो. काय चुकतंय?

उजेड चुकतोय! मला विचाराल तर कमी वेळात सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच आहे आणि लोक तिच्याकडे शेवटी वळतात. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, कामाच्या जागी ठीक, ४००० मधला, आणि २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर ऊबदार, बसायच्या खोलीला तोच हवा. एकाच हॉलमध्ये एक पांढरा एक पिवळा असं करू नका, रंग विचित्र दिसतात आणि कारण लक्षात येत नाही. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असेल तर ९० किंवा वरचा घ्या, कापडांचे आणि चेहऱ्यांचे रंग खरे दिसतात.

दुसरं म्हणजे छताला एकच झगझगीत दिवा असला की सगळ्यांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. त्याऐवजी दोन-तीन छोटे दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवा, एक सोफ्याशेजारी, शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला म्हणजे बल्ब डोळ्यात येत नाही, एक लांबच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. पूर्वीच्या ६० वॉटच्या बल्बएवढा उजेड हवा असेल तर साधारण ८०० ल्यूमेन बघा, एलईडीत ते ८-१० वॉटमध्ये होतं. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर डिमरवर चालणारेच एलईडी घ्या, बाकीचे लुकलुकतात. आणि नवीन काही घ्यायच्या आधी आहे ती शेड नि बल्ब थंड असताना पुसा, धुळीने उजेड किती अडतो ते पुसल्यावरच समजतं.

भाड्याचं घर, खिळे ठोकायची परवानगी नाही. भिंती बोडक्या दिसतात.

फ्रेम टेकवून ठेवा, कपाटावर किंवा कमी उंचीच्या युनिटवर, मोठी मागे छोटी पुढे. चिकटणारे हुक वापरायचे असतील तर भिंत आधी पुसून पूर्ण वाळू द्या, वजनाची मर्यादा पाळा, काढताना पट्टी भिंतीला समांतर खाली ओढा, समोर नाही. फ्रेमचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंटीमीटरवर आला की बरोबर दिसतो, बहुतेक घरांत फोटो फार वर लागलेले असतात.

फरशी पटकन चमकावी आणि वासही जावा म्हणून व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करून पुसलं तर?

अजिबात नको, हे कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर पडलं की क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेलं काच क्लीनर पडलं तर क्लोरामाइन, दोन्ही छातीला घातक. चुकून झालंच तर तिथे पुसत बसू नका, लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, जाता जाता खिडकी उघडता आली तर उघडा, आणि खोकला किंवा धाप लागली तर डॉक्टरकडे जा. संगमरवरावर तर नुसतं व्हिनेगर किंवा लिंबूही नको, आम्ल दगड खातं आणि पडलेला निस्तेज डाग पुसून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. साधं कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मग स्वच्छ पाण्याचा एक हात आणि कोरडं फडकं. वासासाठी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा, गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरून अर्ध्या तासाने व्हॅक्यूम करा. रूम फ्रेशनर मारायचाच असेल तर या सगळ्यानंतर आणि अगदी थोडा, येणाऱ्यांत कुणाला दमा असेल तर तोही राहू दे.