आयडलला ऑइल प्रेशर कमी दाखवतंय: सेंडर बदलू की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळू?

स्क्रूला हात लावू नका. (सेंडर म्हणजे तेलाचं प्रेशर मोजून पॅनेलवरच्या काट्याला कळवणारा सेन्सर; रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे प्रेशर जास्त झालं की उघडून तेल परत सोडणारी झडप.) 'दोन आटे आत घाला, काटा हिरव्यात येतो' असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, तसल्याच एका माणसाशी मी याच मुद्द्यावर भांडलेलो आहे. म्हणून लिहितोय.

तुम्ही लिहिलंय त्यानुसार तुमच्या विमानाचं इंजिन लायकोमिंग ओ-३२०. क्रूझला, म्हणजे स्थिर उड्डाणात, ७५ पीएसआय (दाबाचं एकक) व्यवस्थित, पण उतरल्यावर टॅक्सी करताना, गरम इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगाला, आलं की २० आणि काटा थरथरतो. किमान २५ हवं.

अगदी हेच आमच्या हँगरमधल्या एका ट्रेनर विमानाचं होतं. तिथल्या वरिष्ठांनी आदल्या तपासणीत स्क्रू आत घातला होता आणि लॉगबुकात 'प्रेशर ॲडजस्ट केलं' एवढंच लिहिलं होतं. विमान माझ्याकडे आलं तेव्हा क्रूझचं प्रेशर ९५ च्या रेषेला टेकलेलं, सकाळच्या थंड स्टार्टला ११५ च्या वर जाणारं, आणि गरम आयडल? जिथल्या तिथे, २० च्या आसपास. मी विचारलं, स्क्रूने फायदा काय झाला? उत्तर आलं, 'मग सेंडर गेला असेल, बदलून टाक.'

सेंडर बदलण्याआधी मी इंजिनाच्या प्रेशर पोर्टला मेकॅनिकल टेस्ट गेज लावला. पॅनेलवर २०, टेस्ट गेजवरही २०. म्हणजे सेंडर खरं बोलत होता. मग लॉकवायर (स्क्रू फिरू नये म्हणून बांधलेली तार) कापून रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. स्प्रिंग सरळ, लांबी बरोबर. बॉल हातात घेऊन टॉर्चखाली फिरवला तर त्यावर सीटची (बॉल जिथे टेकून तेल अडवतो त्या कडेची) गोल खूण उमटलेली, पण एका जागी तुटलेली. सीटवर बरोबर त्या जागी कार्बनचा कठीण, काळा कपचा बसलेला होता. बॉल पूर्ण बसतच नव्हता, तेल सारखं बाजूने परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, जात होतं. क्रूझला पंप इतकं तेल देतो की ती गळती झाकली जाते. आयडलला उघडी पडते.

कपचा काढला, सीट साफ केली, स्क्रू होता तिथे परत आणला. त्याच संध्याकाळी गरम आयडल ३५ च्या वर. त्या वरिष्ठांनी आजतागायत हे मान्य केलेलं नाही.

आता कारण नीट समजून घ्या. रिलीफ व्हॉल्व्हचा स्प्रिंग वरची मर्यादा ठरवतो. प्रेशर त्याच्या ताकदीपलीकडे गेलं की बॉल उचलला जातो. २० पीएसआयला बॉल बसलेलाच असायला हवा, तिथे स्प्रिंग किती दाबलाय याने काही फरक पडत नाही. कुकरच्या शिट्टीचं वजन वाढवून मंद आचेवरची वाफ वाढत नाही, तसंच. आयडलचं प्रेशर खरंच कमी असेल तर कारण बहुधा या चारपैकी एक: सीटवर कचरा किंवा झिजलेली सीट, सक्शनच्या बाजूने हवा ओढली जाणं, जास्त गरम किंवा पातळ तेल, नाहीतर झिजून बेअरिंगची वाढलेली क्लिअरन्स (फट). चौथ्याला स्क्रूने झाकलं की क्रँकशाफ्ट गमावायची वेळ येते. म्हणूनच मी याबाबतीत इतका हट्टी आहे.

तुमचा काटा थरथरतो म्हणता, तर तेलाची पातळी आधी बघा, मग सेंडरची अर्थिंग. सेंडर थेट इंजिनावर बसवलेला असेल तर कंपनांनी तो लवकर जातो, फायरवॉलवर होजने बसवलेला बरा. पण टेस्ट गेज लावल्याशिवाय नवा सेंडर विकत घेऊ नका. ऑइल फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडून चुंबक फिरवा. सक्शन स्क्रीनही (पंपाआधीची तेलाची जाळी) काढून बघा. चमकणारे धातूचे कण दिसले तर रिलीफ व्हॉल्व्ह विसरा, विमान उभं करा.

हे राहिलंच होतं: मी सांगितलेले आकडे माझ्या मॅन्युअलातले, जुन्या आवृत्त्यांत थोडे वेगळे आहेत. काही इंजिनांत स्क्रूऐवजी वॉशर असतात. रोटॅक्सच्या इंजिनाला यातलं काहीच जसंच्या तसं लावू नका, तिथे ड्राय संप (तेल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत) आहे आणि मोजमाप बारमध्ये. आणि हवेत असताना प्रेशर पडलं तर 'तापमान चढत नाही, म्हणजे गेज खोटं' असं समजून पुढे जाऊ नका. तापमान मोजणाऱ्या प्रोबपाशी तेलच उरलं नाही तर तापमान चढलेलं दिसणारही नाही. जवळच्या धावपट्टीवर उतरा, शोध जमिनीवर घ्या.

टेस्ट गेजचा आकडा आणि तेव्हाचं ऑइल टेम्परेचर, दोन्ही इथे लिहा. त्याशिवाय पुढचं सांगणं म्हणजे अंदाज.