पेजेचा डबा

मी समुपदेशक आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो. "टाके सुकले, सोनोग्राफी नॉर्मल आली, डॉक्टर म्हणाले सगळं खा. पण खायचा धीरच होत नाही. आता जन्मभर असंच काढायचं का?" कोणी दबक्या आवाजात विचारतं, कोणी चिडून. मागच्या दोन महिन्यांत तिघांनी विचारलं, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. ज्यांचा आहे त्यांना विचारून लिहिते आहे. नाव बदललं आहे आणि गाव सांगत नाही. वेंगुर्ल्याकडचा किनारा एवढं पुरे.

कुंदाताई चोपन्न वर्षांच्या. यजमानांचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा, घरामागे माड-पोफळीची थोडी बाग, मुलगा मुंबईला, सून आणि नातू गावात. नोव्हेंबरात भाच्याच्या हळदीला वडे-सागोतीचं जेवण झालं आणि रात्री एकच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कळ उठली. पाठीपर्यंत गेली, उलट्या झाल्या. रिक्षाने आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून दोन दिवसांनी कोल्हापूरला. पित्ताशयात खडे होते. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी आल्या. इथवर सगळं सरळ होतं.

जानेवारीच्या शेवटी त्या माझ्या कुडाळच्या खोलीत आल्या तेव्हा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. आठ आठवड्यांत नऊ किलो वजन गेलं होतं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. डब्यात उकड्या तांदळाची पेज. कुठेही जाताना तो डबा बरोबर. दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा त्यांनी दोन महिने घेतला नव्हता. पेज, मीठ, एखादं केळं, संपलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं होतं, त्यात काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं होतं.

"माका भूक लागता," त्या म्हणाल्या, "पण घास घशाखाली उतरणा नाय."

मग पिशवीतून त्यांनी आणखी एक वस्तू काढली. औषधाची छोटी काचेची बाटली, आत सात-आठ खडे. पिवळट तपकिरी, कडांना कोन आलेले, मोठा वाटाण्याएवढा. ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या हातात खडे देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कुंदाताईंनी ती बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली होती. ताट वाढून घेताना नजर तिकडे जायचीच.

मी विचारलं, तेल-खोबरं खाल्लं की काय होईल असं वाटतं? त्या गप्प राहिल्या. मग आत्याची गोष्ट निघाली. आत्याचं हेच ऑपरेशन मुंबईला झालं होतं, कुंदाताई तेव्हा शाळेत होत्या. बरगडीखाली वीतभर लांब व्रण, कितीतरी दिवस हॉस्पिटलात, आणि त्यानंतर मरेपर्यंत आत्याने तुपाचा थेंब घेतला नाही. चतुर्थीला सगळ्यांच्या मोदकांवर तूप पडायचं, आत्या मात्र कोपऱ्यात दूध-भात घेऊन बसायची. लहान मुलीच्या मनात ते चित्र पक्कं बसलं होतं.

आत्याचा काळ वेगळा होता, हे सांगणं भाग होतं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. त्याआधी पोट मोठं उघडूनच ऑपरेशन व्हायचं. आता चार बारीक छेदांवर भागतं, पोटात भरलेल्या वायूमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो आणि बहुतेक माणसं काही आठवड्यांत रोजच्या जेवणावर येतात. आत्याला जन्मभराचं पथ्य डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिचं तिनेच धरलं होतं, हे कुंदाताईंनाही ठाऊक नव्हतं. आपण कधी विचारलंच नाही, हे त्यांच्या त्या दिवशी लक्षात आलं.

आपल्या भाषेतला 'पित्त' हा शब्दही घोळ घालतो. जळजळलं, आंबट पाणी वर आलं की आपण म्हणतो पित्त झालं, आणि आमसुलाचं पाणी घेतो. ते जठरातलं आम्ल. पित्ताशयातला पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो, दिवसाला अर्धा ते एक लिटर, आणि चरबी पचवायला मदत करतो. पित्ताशय ही त्याची साठवणीची पिशवी, तीस ते पन्नास मिलिलिटरची. कुंदाताईंचं म्हणणं असं, की पिशवीच काढली म्हणजे आता पित्तही नाही आणि पचनही नाही. त्यांच्या बागेला डोंगरातून पाटाचं पाणी येतं, ते तळीत साठवून शिंपतात. मी म्हटलं, समजा तळी बुजवली. पाट आटेल का?

"पाट कसो आटतलो? झरो वर आसा."

"मग पाणी कसं मिळेल?"

"दिवसभर बारीक वाहात रवतला. एकदम लोट येवचो नाय."

तेवढंच आहे ते. यकृताचा झरा चालू आहे. एकाच बैठकीला तळलेले वडे आणि खोबऱ्याचा दाट रस्सा आला तर लागणारा लोट सुरुवातीला कमी पडू शकतो, म्हणून थोडं थोडं, चार-पाच वेळा खायचं आणि चरबी हळूहळू वाढवायची. शरीर जुळवून घेतं.

हे पटलं म्हणून लगेच घास उतरला असं झालं नाही. समजणं एकीकडे आणि त्या रात्रीची कळ दुसरीकडे. हळदीच्या जेवणातलं सगळंच, खोबऱ्याचा वास, तळणाचा आवाज, त्यांच्या मनात कळेशी बांधलं गेलं होतं. अशी गाठ सुटायला प्रत्यक्ष खाऊनच बघावं लागतं, पण बेताने.

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक शिडी काढली. तळाशी मऊ भात आणि पातळ वरण, कारण त्याची भीती सगळ्यांत कमी. मग घावणे. मग हळद, मीठ, आमसूल घालून उकडलेले मुडदुशे. हा मासा हलका, आमच्याकडे आजाऱ्याला हाच देतात, त्यामुळे त्यांनीच तो सुचवला. त्यावर चमचाभर फोडणीची भाजी, मग अर्धी वाटी सोलकढी, मग बांगडा, आणि सगळ्यांत वर वडे-सागोती. एक पदार्थ तेवढ्याच प्रमाणात तीन वेगवेगळ्या दिवशी खाल्ल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. खाण्याआधी भीती दहापैकी किती ते लिहायचं, दोन तासांनी पोटात दुखणं दहापैकी किती तेही लिहायचं.

आता माझी चूक. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या की खाल्लं की लगेच संडासला पळावं लागतं. मी ते भीतीच्या खात्यात टाकलं. पोट आणि मन एकमेकांना धरून असतात, घाबरल्यावर पोट बिघडतं, हे आम्ही रोज पाहतो, आणि जे रोज पाहतो तेच चटकन दिसतं. तीन आठवडे मी श्वासाचे व्यायाम देत राहिले. चौथ्या भेटीला कुंदाताई आल्याच नाहीत, सून आली. एस.टी.त त्यांना घाई आवरली नव्हती, लुगडं खराब झालं होतं. पुढच्याच थांब्यावर उतरून रिक्षाने घरी गेल्या आणि दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. तीन आठवडे आम्ही पेज, वरण, घावणे यांच्यावरच होतो. त्यात चरबी जवळजवळ नाही, तरी पातळ जुलाब रोज सकाळी होतच होते. ही गोष्ट मी पहिल्या दिवशी नीट विचारायला हवी होती.

पित्ताशय काढल्यावर पित्तरस आतड्यात सतत झिरपत असतो. काही जणांत त्यातली पित्ताम्लं मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात आणि जुलाब होतात. पुष्कळांना ते काही आठवड्यांत आपोआप थांबतात, काहींना औषध लागतं. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तपासून पित्ताम्लं बांधून ठेवणारी पावडर सुरू केली. कुंदाताईंची थायरॉइडची गोळी चालू होती. ही पावडर दुसरी औषधंही अडवते, म्हणून गोळी आणि पावडर यांत काही तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. आठवड्याभरात फरक पडला. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, कोणीतरी हे भीतीचं नाही, खरं आहे म्हणालं, एवढंच मला पाहिजे होतं. तेव्हापासून पोटाची तक्रार घेऊन कोणीही आलं की मी आधी शरीराचं विचारते. शौचाला किती वेळा, रंग काय, वजन किती उतरलं, रात्री झोपेतून उठावं लागतं का. मनाचं त्यानंतर.

शिडी पुन्हा सुरू झाली. सोलकढीचा दिवस मला सुनेने सविस्तर सांगितला आहे. मार्चमधला मंगळवार. खोबऱ्याचा दुसरा रस, त्यात कोकमाचं आगळ, वर कोथिंबीर. अर्धी वाटी समोर ठेवून कुंदाताई पंधरा मिनिटं बसल्या. कागदावर भीतीपुढे आठ लिहिलं. यजमान समोर बसून दर घासाला "दुखता काय?" विचारायचे, त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की जेवताना पोटाचं विचारायचं नाही. त्यामुळे त्यांनी त्या दिवशी रापणीत किती तारली लागली आणि व्यापाऱ्याने भाव कसा पाडला ते लांबण लावून सांगितलं. कधी वाटी रिकामी झाली ते दोघांनाही कळलं नाही. मग दोन तास घड्याळाकडे नजर. दुखण्यापुढे आकडा पडला एक. पुढच्या वेळी भीती सहा, दुखणं शून्य. त्या कागदाची दोन्ही अंगं शेजारी शेजारी वाचताना त्यांचं बोट उजव्या बाजूवर थांबलं होतं, एवढं सगळं शून्य पाहून.

मे महिन्यापर्यंत बांगडा झाला. बाटलीचं मी मुद्दाम कधी काढलं नव्हतं. एकदा सहज विचारलं तर म्हणाल्या, "माळ्यार आसा खंय तरी. फळयेर कैरीचा लोणचा ठेवलंय."

गावात बातमी लागली की कुंदाताई बऱ्या झाल्या, आणि पोटाची माणसं त्यांच्या पडवीत येऊ लागली. जळजळ होणारी जाऊ, परीक्षा आली की पोट बिघडणारा कॉलेजचा मुलगा, पोट साफ होत नाही म्हणून रोज चूर्ण घेणारे शेजारी. कुंदाताईंचं मन मोठं. प्रत्येकाला त्या आपली शिडी सांगायच्या. तेल कमी कर, मुडदुशे खा, थोडं थोडं जेव. मुलाला त्यातलं काही लागू नव्हतं, आणि चूर्णवाल्यांना रक्त पडत होतं हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मी थोडी कडक बोलले. माझ्याकडून जी चूक झाली होती, तीच त्या वेगळ्या तऱ्हेने करत होत्या, हेही सांगितलं. एकाच्या पोटाचं औषध दुसऱ्याच्या पोटाला लावायचं नाही. बरं झालेल्या माणसाजवळ दुसऱ्याला द्यायला मोलाची गोष्ट असते ती ऐकून घेण्याची, कारण लाज न वाटता संडासाचं बोलता येईल अशी जागा गावात फारशी नसते. आणि काही गोष्टी ऐकल्या की पडवीत बसवून ठेवायचं नाही, दवाखान्यात धाडायचं. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, शौच पांढुरकं. थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली दुखणं. शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं. कारण नसताना वजन उतरणं. ऑपरेशन झालेल्यांनीही यातलं काही दिसलं तर थांबू नये, कारण एखादा खडा पित्तनलिकेत राहिलेला असू शकतो.

चूर्णवाल्या शेजाऱ्यांना त्या स्वतः घेऊन गेल्या. मूळव्याध निघाली, उपचार चालू आहेत. जुलैत जावेच्या बहिणीला पित्त झालंय म्हणून आमसुलाचं पाणी चालू होतं. कुंदाताईंनी तिला उजेडात उभं केलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि त्याच संध्याकाळी गाडी करायला लावली. नलिकेत खडा होता. तोंडातून दुर्बीण घालून काढला.

आता पडवीत कोणी आलं की त्या आधी म्हणतात, "तुका काय होता ता सांग. माझा मगे सांगतंय." त्या कॉलेजच्या मुलाला त्यांनी माझ्याकडे आणून सोडलं. तो अजून येतो, त्याचं वेगळं आहे. ज्यांना जवळपास समुपदेशक नाही त्यांनी १४४१६ वर, टेलि-मानसवर, बोलावं. ही सरकारी मोफत सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं.

चतुर्थीला कुंदाताईंचा फोन आला. दोन मोदक, वर चमचाभर तूप. भीती तीन, दुखणं शून्य, असं त्यांनी फोनवरच सांगितलं. कागद आता लागत नाही. पावडर डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये बंद केली. वजन सहा किलो परत आलं आहे.

शिडीची वरची पायरी अजून बाकी आहे. डिसेंबरात धाकट्या भाच्याचं लग्न आहे, हळदीला तेच जेवण असणार. मी म्हटलं, नाही खाल्लंत तरी चालेल. त्यांनी जरा वेळ विचार केला. "एक वडो खातलंय," म्हणाल्या, "सागोतीचा तेवा बघूया."