चिलखत, कवच, बख्तर यांत फरक काय? आणि एवढं लोखंड अंगावर घेऊन लोक लढायचे तरी कसे?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. आधी वजनाचं सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

पंधराव्या शतकातलं युरोपातलं डोक्यापासून पायापर्यंतचं पोलादी चिलखत साधारण 15 ते 25 किलो भरतं. आजचा पायदळातला सैनिक बरेचदा याहून जास्त ओझं वाहतो. शिवाय चिलखताचं वजन एका जागी लटकत नाही. प्रत्येक पत्रा त्या त्या अवयवावर पट्ट्यांनी बांधलेला असतो, त्यामुळे भार अंगभर वाटला जातो. मापाचं चिलखत घातलेला माणूस पळू शकतो, पडला तर आपला आपण उठतो, घोड्यावरही चढतो. त्याला उचलून बसवायला यारी लागायची, ही निव्वळ दंतकथा. घोड्यावरून भाले घेऊन एकमेकांवर धडकण्याच्या शर्यतींसाठी मात्र वेगळं, 40 किलोंच्या पुढे जाणारं चिलखत बनवत. ते काही मिनिटांच्या खेळासाठी असायचं, रणांगणासाठी नव्हे.

ग्रीसमध्ये देंद्रा इथे 1960 साली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं काशाचं चिलखत सापडलं. ते इतकं अवजड दिसतं की हे मिरवणुकीपुरतंच असणार, असं अनेक अभ्यासकांना वाटायचं. मग त्याची प्रतिकृती ग्रीक नौसैनिकांना घालायला देऊन 11 तास लढाईच्या हालचाली करून घेतल्या. 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्यात लढता येतं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण वस्तू काचेमागे ठेवून तर्क करण्याऐवजी कुणीतरी ती अंगात घातली.

खरा त्रास उकाड्याचा आणि श्वासाचा. 1415 साली फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच सरदार नांगरलेल्या, भिजलेल्या शेतातून इंग्रजांच्या बाणांच्या माऱ्यात चालत गेले. चिखल, गर्दी आणि बंद शिरस्त्राणात कोंडलेला श्वास यांनी ते शत्रूपर्यंत पोचण्याआधीच थकले होते.

आता शब्द. ‘कवच’ सगळ्यात व्यापक. बियांचं कवच, कासवाचं कवच, भूगोलातलं भूकवच, विम्याचं कवच, आणि देवतेला एकेका अवयवाचं रक्षण करायला सांगणारं स्तोत्र, तेही कवचच. कर्णाचं तर जन्मासोबत आलेलं. ‘चिलखत’ म्हणजे माणसाने बनवून अंगात घालायची वस्तू. तिथून रणगाड्यांचं चिलखती दल. ‘बख्तर’ फारसीतून आलेला, आज मुख्यतः ‘बख्तरबंद’मध्ये उरलेला. जिरेटोपातला ‘जिरे’सुद्धा फारसी ‘जिरह’ आहे, म्हणजे कड्यांचं चिलखत.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द ‘वर्म’. संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं 75वं सूक्त युद्धसाहित्यावर आहे, आणि त्यात ओळ येते: ‘मर्माणि ते वर्मणा छादयामि’, तुझी मर्मस्थानं मी चिलखताने झाकतो. मराठीत आपण ‘वर्मी घाव लागला’ म्हणतो तेव्हा वर्म म्हणजे नेमकी ती नाजूक जागा. झाकण आणि झाकायची जागा, दोन्हींना एकच शब्द! माझ्या मते चिलखताचा सगळा इतिहास याच ओळीत आहे. सगळं अंग झाकायचं असतं असं नाही. मर्म कुठलं आणि काय उघडं ठेवणं परवडेल, हा तो हिशेब आहे.

हा हिशेब चुकला की काय होतं ते स्वीडनमधल्या विस्बीला दिसतं. 1361 च्या लढाईनंतर तिथे मृतांना सामूहिक खड्ड्यांत पुरलं, काहींना चिलखतासकट. विसाव्या शतकात उकरल्यावर सांगाडे निघाले, आणि वार मोठ्या प्रमाणात गुडघ्याखालच्या हाडांवर होते. धड झाकलेलं असेल, तर तलवार पाय शोधते.

सर्वांत जास्त काळ टिकलेला प्रकार म्हणजे कड्यांची जाळी. निदान इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून युरोपातले केल्ट लोक ती वापरत. रोमनांनी उचलली आणि पुढे युरोपापासून भारतापर्यंत ती चालली. एका कडीत शेजारच्या चार कड्या अडकवायच्या आणि टोकं छोट्या खिळ्याने ठोकून पक्की, म्हणजे रिव्हेट, करायची. मी एकदा साध्या तारेची, रिव्हेट न करता, तळहाताएवढी जाळी विणून पाहिली. दोन संध्याकाळी गेल्या. पूर्ण अंगरख्याला हजारो कड्या लागतात. ही जाळी तलवारीची धार अडवते, पण गदेचा दणका अडवत नाही, म्हणून आत जाड रजईसारखा अंगरखा हवाच. तिचा मोठा गुण म्हणजे ती कपड्याखाली लपते. 1659 साली प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, ते लपण्यासाठीच.

लोखंडच लागतं असंही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लोखंडी जाळीसोबत गेंडा, हत्ती, बैल यांच्या कातड्यांची, खुरांची, शिंगांची चिलखतं येतात. अ‍ॅझ्टेक लोक गच्च शिवलेल्या कापसाचं वापरत, आणि मेक्सिकोत उतरलेल्या कित्येक स्पॅनिश सैनिकांनी पोलाद सोडून तेच घातलं. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ दगडी चकत्यांची चिलखतं निघाली. ती मात्र लढण्यासाठी नव्हती, मृतांसाठी होती. प्रतिष्ठेसाठी घडवलेल्या नक्षीदार चिलखतांचा वेगळाच मोठा प्रांत आहे, तो इथे सोडतो.

बंदूक आली आणि चिलखत लगेच संपलं, हेही खरं नाही. कारागीर छातीचा पत्रा जाड करत गेले, विकण्याआधी त्यावर गोळी झाडून पाहत, आणि तो पोचा पुरावा म्हणून तसाच ठेवत. पण जाडी वाढली की वजन वाढणार. मग आधी पायांचे पत्रे गेले, मग हातांचे. शेवटी छाती-पाठ आणि डोकं उरलं. फ्रेंच घोडदळाच्या काही तुकड्या 1914 मध्येही छातीवर पोलाद बांधून निघाल्या होत्या. पुढच्याच वर्षी खंदकांत डोक्याला होणाऱ्या जखमांमुळे पोलादी हेल्मेट परत आलं.

जहाजांनीही हाच रस्ता धरला. 1916 साली सेवेत आलेल्या ‘नेवाडा’ या अमेरिकी युद्धनौकेवर दारूगोळा, इंजिनं आणि तोफा यांभोवती शक्य तितकं जाड पोलाद होतं, आणि बाकी जहाज जवळपास उघडं. अर्धवट जाडीचं चिलखत कुठेच नाही.

आजच्या सैनिकाच्या जाकिटातही तेच आहे. अरॅमिड नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्यांचं कापड छऱ्यांना आणि पिस्तुलाच्या गोळीला अडवतं. रायफलसाठी पुढे-मागे सिरॅमिकची एकेक पाटी असते, साधारण छपाईच्या कागदाएवढी. ती हृदय आणि फुप्फुसं झाकते. खांदे, पोटाचा खालचा भाग, मांड्या तिच्याबाहेरच राहतात. म्हणून पाटीची वरची कड गळ्याखालच्या खाचेशी जुळवून बसवायला शिकवतात. दोन-तीन बोटं खाली घसरली तरी हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात.